सिकलसेल तपासणी : प्रयोगशाळेतील पद्धती आणि अहवालाचा अर्थ

सिकलसेल हा शब्द विदर्भातील आपल्या समाजाला नवा नाही. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या बाजूला ज्याच्या नात्यागोत्यात या आजाराचा एकही रुग्ण नाही असे घर शोधावे लागेल. सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त राहत नाही, ही लक्षणे सगळ्यांना ऐकून पाठ झाली आहेत. लग्नापूर्वी तपासणी करावी हेही शिबिरांतून वारंवार सांगितले जाते. परंतु तपासणी म्हणजे नेमके काय, दंडातून काढलेल्या त्या दोन मिलिलिटर रक्ताचे पुढे काय होते आणि हाती आलेल्या कागदावरून काय समजावे व काय समजू नये, याविषयी सामान्य वाचकासाठी फारसे लिहिलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तेव्हा वैद्यकीय सल्ल्याचा अधिकार त्याला नाही. मात्र कागदावरचा आकडा आला कोठून, हे विचारण्याची सवय त्या नोकरीने लावली आहे.

प्रथम रक्ताविषयी थोडेसे. रक्त म्हणजे लाल पाणी नव्हे. नळीतले रक्त गोठू न देता स्थिर ठेवले तर त्याचे थर पडतात. वर फिकट पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा. तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर. आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखा एक पातळ पांढरट पापुद्रा. त्यात पांढऱ्या पेशी असतात. रक्त काढताना जांभळ्या झाकणाची नळी वापरतात, कारण तिच्यात ई.डी.टी.ए. नावाचा क्षार असतो. तो रक्तातील कॅल्शियम धरून ठेवतो आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. सकाळी न खाता शिबिरात ताटकळणाऱ्या आयाबायांना हे कोणी तरी सांगायला हवे.

तांबडी पेशी ही दोन्ही अंगांनी मध्यभागी दाबलेल्या पेढ्यासारखी असते. तिचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने मांडता येतील. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. हिमोग्लोबिन हे चार साखळ्यांचे बनते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले मण्यांसारखी ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा मणी वेगळा असतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. शेष १४५ मणी जसेच्या तसे. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हे रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक काड्या बनतात आणि पेढ्यासारखी पेशी विळ्यासारखी ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत नष्ट होते, म्हणून रक्तक्षय आणि कावीळ.

हे ज्ञान एका दिवसात मिळालेले नाही. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचे १९१० साली प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी दाखवले की, प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकड्या होतात आणि परत दिला की सरळ होतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी विजेच्या साहाय्याने रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनापासून वेगळे काढले. सहावा मणी शोधला व्हर्नन इन्ग्राम यांनी, १९५६-५७ साली. पुढे ज्या तपासण्या येणार आहेत त्या याच शोधांतून निघाल्या. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी तो मध्य भारतात असल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोंदवले. त्यात तत्कालीन महार समाजाचा उल्लेख होता. तेव्हापासून हा ‘अमक्यांचा रोग’ असा समज रूढ झाला. तो चूक आहे. गोंड, परधान, माडिया या आदिवासींत, तसेच कुणबी, तेली व इतर अनेक जातींतही तो आहे. मलेरियाग्रस्त मुलुखात हा दोष टिकून का राहिला, याचे कारण ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दिले: ज्यांच्यात दोषाचा एकच अंश आहे त्यांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. पूर्वजन्मीचे पाप, करणी, देवीचा कोप यांचा येथे काहीएक संबंध नाही. सगळा मामला डासाचा आणि जंगलाचा आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू.

सर्वांत जुनी पद्धत काचपट्टीची. रक्ताच्या एका थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे दोन टक्के द्रावण मिसळतात. हे द्रावण प्राणवायू शोषून घेते. वर पातळ काच ठेवून तिच्या कडा मेणाने किंवा व्हॅसलिनने बंद करतात, म्हणजे बाहेरची हवा आत जात नाही. अर्ध्या तासाने आणि गरज पडल्यास आणखी काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी विळ्यासारख्या झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पद्धत स्वस्त आहे, पण द्रावण ताजे नसेल किंवा पाहणाऱ्याचा डोळा तयार नसेल तर फसगत होते.

दुसरी पद्धत सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे विद्राव्यता तपासणी. गावोगावच्या शिबिरांत होते ती बहुधा हीच. नळीत फॉस्फेटचे दाट द्रावण घेतात. त्यात सॅपोनिन असते, ते पेशींची आवरणे फोडते आणि हिमोग्लोबिन बाहेर येते. डायथायोनाइट असते, ते प्राणवायू काढून घेते. या द्रावणात साधे हिमोग्लोबिन विरघळून राहते, सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही. नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पाच मिनिटांचे काम, विजेची गरज नाही, ओसरीवर बसून करता येते.

येथेच घोटाळा सुरू होतो, म्हणून येथे जरा थांबू.

प्रत्येकाला बीटा साखळीची सूचना दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही निर्दोष असल्या तर ती व्यक्ती ए-ए. एक निर्दोष व एक सिकलची असली तर ए-एस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असल्या तर एस-एस, म्हणजे रुग्ण. वाहक हा रोगी नव्हे. तो शेती करतो, ओझी उचलतो, म्हातारा होतो, त्याला एरवी औषधाची गरज नसते. रुग्णाचे आयुष्य निराळे. आणि सोल्युबिलिटी टेस्ट या दोघांनाही एकच उत्तर देते: पॉझिटिव्ह. नळी दोघांचीही गढूळ होते. ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ते किती आहे आणि त्याच्याबरोबर साधे हिमोग्लोबिन आहे की नाही, हे सांगत नाही.

आमच्या शाखेत एक वृद्ध खातेदार येत. त्यांच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत मुलीची एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली असे. त्यावर तपासणीच्या जागी ‘पॉझिटिव्ह’ एवढेच. मुलगी तिशीला आलेली, धडधाकट, दिवसभर कापूस वेचणारी. पण ‘तिला सिकल आहे’ म्हणून दोन ठिकाणची सोयरीक मोडली होती. पुढची तपासणी झालीच नव्हती. मोठ्या दवाखान्यात ती झाली तेव्हा मुलगी वाहक निघाली. काउंटरवर नोट अंगठ्याने चाचपली की संशय येतो. पण केवळ चाचपून आम्ही नोट खोटी ठरवत नाही, दिव्याखाली धरतो, धागा पाहतो, जलचिन्ह पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र चाचपण्यावरच निकाल लागतो.

निगेटिव्ह अहवालही तितकाच जपून वाचावा लागतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील एफ हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे रुग्ण बाळाचीही नळी स्वच्छ दिसू शकते. ज्या बाईच्या अंगात रक्तच सहा-सात ग्रॅम, तिच्या थेंबात हिमोग्लोबिन इतके थोडे की गढूळपणा दिसत नाही. अशा वेळी जाणकार तंत्रज्ञ रक्ताचे प्रमाण वाढवून तपासणी पुन्हा करतो. आणि नुकतेच रक्त चढवलेले असेल तर तपासले जाते ते बऱ्याच अंशी दात्याचे रक्त. रक्त चढवल्यावर निदान तीन महिने थांबावे, नाही तर आईवडिलांचे रक्त तपासावे.

निर्णय देणारी तपासणी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. तिची पूर्वतयारी समजून घेण्यासारखी आहे, कारण पेशी वेगळ्या कशा काढतात हे तेथे दिसते. नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात ठेवून जोराने गरगर फिरवतात. ताक घुसळले की लोणी वर येते, तसे येथे जड तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा प्लाझ्मा आणि मधला पांढरा पापुद्रा ओढून काढून टाकतात. उरलेल्या पेशींत मिठाचे ०.९ टक्के पाणी घालून हलवतात, पुन्हा फिरवतात, वरचे पाणी टाकून देतात. असे तीनदा. साधे पाणी वापरले तर पेशी धुण्याआधीच फुटतील, म्हणून मिठाचे; आणि धुवायचे कशाला, तर प्लाझ्मातील प्रथिनेही विजेने सरकतात व पट्टीवर नसती रेघ उमटवतात. धुतलेल्या पेशींत मग शुद्ध पाणी व थोडे टोल्युइन घालून जोराने हलवतात. पेशी फुटतात. पुन्हा फिरवले की आवरणांचा चोथा वेगळा होतो आणि स्वच्छ लालभडक हिमोग्लोबिन हाती येते.

त्याची एक केसासारखी बारीक रेघ सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर ओढतात. शेजारीच ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यांच्या रेघा ओढतात, ताडून पाहण्यासाठी. पट्टी सुमारे ८.६ पीएचच्या अल्कधर्मी द्रावणात जोडून वीज सोडतात. या द्रावणात हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे धावू लागते. ग्लुटामिक आम्लाला ऋण भार असतो, व्हॅलिनला नसतो. म्हणजे एस हिमोग्लोबिनचा भार कमी, म्हणून ते मागे पडते. शंकरपटात एकत्र सुटलेल्या जोड्या पाहता पाहता पुढेमागे होतात, तसेच हे. अर्ध्या-पाऊण तासाने पट्टीला पाँसो नावाचा लाल रंग दिला की शर्यतीचा निकाल डोळ्यांना दिसतो: सर्वांत पुढे ए, त्यामागे एफ, त्यामागे एस, आणि शेवटी ए-टू. ए आणि एस अशा दोन ठळक रेघा म्हणजे वाहक. ए ची रेघ नाही, एस ठळक आणि एफ ची कमीअधिक, म्हणजे बहुधा रुग्ण. एक मणी बदलल्याचा पुरावा विजेने कागदासारख्या पट्टीवर मांडून दाखवावा, ही गोष्ट मला तरी अद्भुत वाटते.

तरी पण पट्टीचीही मर्यादा आहे. डी-पंजाब नावाचे एक निराळे हिमोग्लोबिन या पट्टीवर नेमके एस च्याच जागी येऊन थांबते. अशा वेळी ती गरीब सोल्युबिलिटी टेस्टच साक्षीला येते, कारण डी असेल तर नळी गढूळ होत नाही. दोन्ही तपासण्या एकमेकींवर सही करतात, असे म्हणावे.

आता मोठ्या रुग्णालयांत एच.पी.एल.सी. यंत्र असते. त्यात फोडलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन एका विशिष्ट भुकटीने भरलेल्या नळीतून दाबाने ढकलतात. ज्याची भुकटीशी ओढ कमी ते आधी बाहेर पडते, ज्याची जास्त ते उशिरा. कोण किती मिनिटाला बाहेर आले आणि किती आले, हे यंत्र आलेख काढून टक्क्यांत छापते. आमच्यासारख्या आकडेमोडीच्या माणसाला हा अहवाल वाचायला सोपा. वाहकाच्या अहवालात ए चे प्रमाण एस पेक्षा जास्त असते; एस साधारणतः ३० ते ४० टक्के, कधी त्याहून कमी. रुग्णाच्या अहवालात, त्याला रक्त चढवलेले नसेल तर, ए जवळजवळ नसते, एस चे प्रमाण सर्वांत मोठे आणि एफ बरेच वाढलेले. एस असून ए चे प्रमाण त्याहून कमी दिसले, तर साधा वाहक म्हणून कागद बाजूला ठेवू नये, डॉक्टरांना विचारावे.

ते का, याचे उत्तर ए-टू या छोट्या आकड्यात आहे, आणि या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. थॅलेसेमिया नावाचा दुसरा एक आनुवंशिक दोष आहे. त्यात बीटा साखळी सदोष नसते, तर कमी बनते किंवा बनतच नाही. त्याच्या वाहकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन अजिबात नसते, म्हणून सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह येते, काचपट्टीही निगेटिव्ह येते. ओळखायची खूण म्हणजे ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेले आणि तांबड्या पेशी लहान. आता समजा, आई सिकलची वाहक आणि वडील थॅलेसेमियाचे वाहक. मुलाला आईकडून सिकल आणि वडिलांकडून थॅलेसेमिया आला, तर ते मूल आजारी पडते आणि पट्टीवर ते हुबेहूब एस-एस दिसू शकते. घरात चर्चा सुरू होते: पोराला दोन्हीकडून सिकल आले म्हणतात, बापाची तपासणी तर निगेटिव्ह, मग दुसरे आले कोठून? आणि बोट त्या बाईच्या चारित्र्याकडे वळते. अशी कुजबुज ज्यांनी ऐकली आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. वडिलांची एच.पी.एल.सी. तपासणी केली असती तर ए-टू च्या आकड्याने ती कुजबुज जागीच थांबली असती. सोल्युबिलिटी टेस्टचा निगेटिव्ह कागद हा बापाला दोषमुक्तीचा दाखला नव्हे, आणि आईवरचा आरोप तर मुळीच नव्हे.

लग्नाच्या हिशोबाविषयी दोन शब्द. वाहक आणि ए-ए यांचे लग्न खुशाल व्हावे. त्यांच्या पोटी एस-एस मूल होणार नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी एस-एस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० टक्के, ए-ए ची २५ टक्के. ‘दर गरोदरपणी’ हे शब्द लक्षात घ्यावेत. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही चांगली होतील, असा हिशोब पुष्कळ लोक करतात. चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने काढली जाते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. एकाच आजोबांकडून दोघांकडेही तोच अंश आलेला असण्याची शक्यता अशा जोडप्यात वाढते. चाल वाईट म्हणत नाही, पण तेथे तपासणी आधी.

दोघेही वाहक आहेत हे लग्नानंतर कळले तरी मार्ग बंद होत नाही. गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना वारेतील सूक्ष्म तंतूंचा कणभर तुकडा सुईने काढतात. हा तुकडा गर्भाच्या बाजूचा असतो, पण त्याला आईच्या गर्भाशयाचे अस्तर चिकटलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते अस्तर चिमट्याने अत्यंत काळजीपूर्वक सोडवावे लागते. ते राहून गेले तर गर्भाऐवजी आईचेच उत्तर मिळेल. म्हणून चांगली प्रयोगशाळा आईचे रक्तही घेते आणि मिसळ झाली नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासते. स्वच्छ केलेल्या तुकड्यातून डी.एन.ए. काढतात. तांबड्या पेशीत केंद्रक नसल्याने डी.एन.ए. नसतो, म्हणून आईवडिलांचा डी.एन.ए. त्यांच्या रक्तातल्या त्या पांढऱ्या पापुद्र्यातून काढावा लागतो. इलेक्ट्रोफोरेसिसच्या वेळी जो टाकून दिला, तो येथे कामाचा. मग पी.सी.आर. पद्धतीने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात आणि त्यांवर एक जैविक कात्री चालवतात. निर्दोष अक्षरे असतील तेथे ही कात्री कापते. सिकलमध्ये नेमके तेथलेच एक अक्षर बदललेले असते, म्हणून कापत नाही. तुकडे किती लांबीचे झाले यावरून ए-ए, ए-एस की एस-एस हे समजते. १९९४ च्या कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करण्यास मुभा आहे. गर्भाचे लिंग सांगण्यास अर्थातच नाही. पुढे काय करायचे हा निर्णय त्या आईवडिलांचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यात पडू नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. आता बोटातल्या एका थेंबावर काही मिनिटांत ए व एस दोन्ही वेगळे दाखवणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत, त्यामुळे गढूळ नळीचा घोटाळा पुष्कळसा कमी होईल. तरी थॅलेसेमियाचा ए-टू त्या पट्टीवर दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

नवजात बाळाच्या टाचेतून गाळणकागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरही एच.पी.एल.सी. करता येते. आईवडील वाहक असतील तर बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता हे विचारून घ्यावे. रुग्ण बाळाला पहिली काही वर्षे पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस मिळाली तर जीवघेणे जंतुसंसर्ग पुष्कळ टळतात, आणि पुढे हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. हे सर्व निदान लवकर झाले तरच.

रुग्णांसाठी एस.टी. प्रवासाची सवलत आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे. त्यासाठी लागतो तो एस-एस असल्याचा पक्का अहवाल. ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेल्या चिठ्ठीवर काम होत नाही. जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे किंवा जिल्हा रुग्णालयात अहवाल घेताना खिडकीवरच तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. तपासणीच्या पद्धतीचे नाव लिहिले आहे का. ए, एस, एफ, ए-टू यांचे टक्के दिले आहेत का. आणि मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले होते का, हे नमुना घेताना कोणी विचारले नसेल तर आपण होऊन सांगावे व कागदावर लिहून घ्यावे. नवराबायकोचे दोन्ही अहवाल एकत्र ठेवावेत. डॉक्टरांना ते शेजारी शेजारी लागतात.